चार आण्याची कोंबडी, बारा आण्यांचे खुराडे? कमी खर्चात देखणे खुराडे कसे बांधावे

पागोळी

दापोली तालुक्यातील आमच्या घरी गावठी कोंबड्या पूर्वीपासून आहेत, पण त्यांची रात्रीची व्यवस्था म्हणजे मागच्या पडवीत दोन डालगी (कोंबड्या झाकायच्या बांबूच्या टोपल्या) आणि त्यांच्यावर ठेवलेला एक जड दगड, एवढीच आहे. आता कोंबड्या आठ-दहा झाल्या असून दोन तलंगा (तरुण कोंबड्या) लवकरच अंड्यावर येतील, त्यामुळे कायमचे खुराडे बांधायचे ठरवले आहे. सोयीची जागा एकच आहे आणि ती नेमकी अंगणाच्या कडेला, घरी येणाऱ्या प्रत्येकाची पहिली नजर जिथे पडते तिथे आहे. सासूबाईंची अट अशी की अंगणात जे उभे राहील ते डोळ्यांना बरे दिसले पाहिजे आणि त्याचा वास तुळशीपर्यंत येता कामा नये. यजमानांची अट अशी की खर्च पाच हजारांच्या वर जाता कामा नये. कोंबड्यांची अट अजून कोणी विचारलेली नाही.

शहरात तयार मिळणारी लाकडी खुराडी चित्रांत पाहिली. ती बाहुलीच्या बंगल्यासारखी गोंडस दिसतात, परंतु किंमत पाहून पुढे चौकशी केली नाही. शिवाय मृगाच्या पावसाने त्यांच्या फळ्या फुगून दार लागेनासे होईल, असे वाटते. आमच्याकडे घरावर स्लॅब टाकताना उतरवलेली मंगलोरी कौले रचून ठेवलेली आहेत, थोडे जांभ्याचे चिरे शिल्लक आहेत, परसात माणगा बांबूचे बेट आहे आणि आंब्याच्या काही फुटक्या पेट्या आहेत. यांतून साधारण सहा फूट बाय चार फुटांचे खुराडे उभे करायचे आहे. पैसे कुठे खर्चावेत, कुठे वाचवावेत आणि ते देखणे कसे करावे, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

टवाळतात्या

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे आजपर्यंत ऐकले होते. आता मसाल्याच्या जागी बंगला आला आहे. वास्तुशांतीचे आमंत्रण सर्व सभासदांना द्यावे. जेवणात काय असेल ते विचारत नाही, कारण यजमानीणबाई ऐकत असतील.

गवंडीकाका

पागोळीताई, तुमच्याकडे कौले आणि चिरे आहेत म्हणजे निम्मे खुराडे बांधूनच झाले आहे. मात्र कौले फुकटची आहेत म्हणून त्यांचे ओझे नगण्य होत नाही, एवढे आधी लक्षात घ्यावे. मंगलोरी कौले एका चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात आणि एक कौल दोन ते तीन किलोचे असते. सहा बाय चारच्या खोलीला चारही बाजूंनी दीड फूट वळचण सोडली आणि उतार हिशेबात धरला, तर शंभरच्या आसपास कौले लागतील. म्हणजे अडीचशे किलोच्या जवळपास वजन तुम्ही चार कोपऱ्यांवर ठेवणार आहात. खांब बारीक घेतले, तर पहिल्याच पावसात कौले भिजून जड झाल्यावर आढे मध्ये झोळ खाईल, आणि झोळ खाल्लेले आढे कितीही रंगवले तरी दळभद्रीच दिसते.

म्हणून चिऱ्याचे दोन थरांचे जोते घ्यावे आणि खांब जमिनीत न पुरता जोत्यावर, चिऱ्यात खोबण काढलेल्या तळखड्यावर उभे करावेत. आपल्या जुन्या घरांचे खांब याच कारणाने शंभर वर्षे टिकले. जमिनीत पुरलेला बांबू किंवा वासा मातीच्या तोंडाशी कुजतो, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही एकत्र मिळतात. जोत्याच्या आत चिऱ्याचे तुकडे ठोकून भरावेत आणि वर दोन इंचांचा कोबा करावा. दोन पोती सिमेंटमध्ये हे काम भागते आणि घूस खालून पोखरून येण्याचा प्रश्न कायमचा मिटतो.

छप्पर एकपाखी केले तर स्वस्त पडते, कारण आढ्यावरची कौले लागत नाहीत. पण ते शेडसारखे दिसते. तुमची अट देखणेपणाची असल्याने दुपाखीच करावे. उतार तीस अंशांपेक्षा कमी ठेवू नये, नाहीतर कोकणातल्या वाऱ्याच्या पावसात पाणी कौलांच्या सांध्यातून उलटे चढते. माझ्या मते छोट्या बांधकामाचे सगळे रूप त्याच्या वळचणीत असते. आखूड वळचणीचे घर टोपी उडालेल्या माणसासारखे दिसते.

भातखाचर

गवंडीकाकांविषयी आदर ठेवून असे म्हणतो की या चर्चेची सुरुवातच उलट्या बाजूने झाली आहे. कोंबडीला कोरडी जागा, मोकळी हवा आणि मुंगूस-रानमांजरांपासून संरक्षण या तीन गोष्टी लागतात. देखणेपणा माणसाला लागतो, आणि पाच हजारांत दोघांच्या हौशी पुरवायला गेलात तर कोंबडीच्या वाट्याला काही उरणार नाही. माझा आग्रह असा की निम्म्याहून अधिक रक्कम जाळीवर खर्च करावी. बाजारात षटकोनी भोकांची जी पातळ जाळी कोंबड्यांची जाळी म्हणून मिळते, ती कोंबडीला आत ठेवते. मुंगूस, रानमांजर किंवा कुत्रा यांना बाहेर ठेवणे तिला जमत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. रात्रीच्या खोलीला अर्ध्या इंचाची वेल्डमेशच, म्हणजे तारा वेल्ड केलेली चौकोनी भोकांची जाळीच, लावावी. धामण एक इंचाच्या भोकातूनही आत शिरते, आणि अंडे गिळल्यावर पोट फुगल्याने तिथून बाहेर पडता न आलेली धामण खुराड्यात सकाळी सापडणे, हे आमच्याकडे नवलाचे राहिलेले नाही.

निशिगंधा

भातखाचर, जाळीबाबत पूर्ण सहमत आहे, देखणेपणाबाबत मुळीच नाही. ओंगळ खुराडे लोक घराच्या मागे, गोठ्यापलीकडे, नजरेआड बांधतात. नजरेआड असलेले खुराडे आठवड्यातून एकदा झाडले जाते, त्याच्या जाळीचा सुटलेला टाका महिनाभर कोणाला दिसत नाही आणि रात्री कोंबड्या ओरडल्या तरी ऐकू येत नाही. दिसायला चांगले खुराडे अंगणात येते, येता-जाता त्याच्याकडे लक्ष जाते आणि म्हणून ते स्वच्छ राहते. सासूबाईंची अट ही हौस नसून व्यवस्थापन आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

टवाळतात्या

निशिगंधाताईंचा हा प्रतिसाद छापून सासूबाईंना दाखवावा. पाच हजारांचे सहा हजार सहज होतील.

माणगाबेट

मी सिंधुदुर्गातला असून बांबूचे काम करतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. माणगा ही निवड उत्तम आहे, कारण तो सरळ वाढतो, त्यात काटे नसतात आणि बुडख्याकडे जवळजवळ भरीव असल्याने खिळा किंवा बोल्ट धरतो. खांबांसाठी तीन वर्षांहून जुनी काठी निवडावी. कोवळी काठी हिरवीगार आणि देखणी दिसते, पण वाळल्यावर आकसते आणि तिला भुंगा लवकर लागतो. तोड पावसाळा संपल्यावर, थंडीत करावी. त्या दिवसांत बांबूमध्ये पिष्ट कमी असते आणि भुंगेऱ्याचे अन्न तेच असल्याने कीड कमी लागते. आमच्याकडची जुनी माणसे अमावास्येला तोडायला सांगतात. ते पाळायचे असेल तर अवश्य पाळावे, मात्र ऋतू चुकवू नये.

तोडल्यावर काठ्या वाहत्या वहाळात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवल्या की पिष्ट बरेचसे धुऊन निघते. त्याहून चांगला उपाय म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक पावडर तीनास दोन या प्रमाणात घेऊन केलेल्या पाच टक्के द्रावणात, गाठींना भोके पाडलेल्या काठ्या आठवडाभर बुडवणे. हे क्षार पावसाने धुऊन जातात, त्यामुळे प्रक्रिया केलेला बांबूही वळचणीखालीच राहिला पाहिजे. गवंडीकाकांची दीड फुटांची वळचण इथेही उपयोगी पडते. काठी सावलीत, उभी करून वाळवावी. उन्हात आडवी टाकली तर ती तडकते.

काहींना परवान्याची धास्ती असते, म्हणून सांगतो की भारतीय वन अधिनियमात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर वनजमिनीबाहेर वाढलेला बांबू त्या कायद्याच्या दृष्टीने झाड राहिलेला नाही. परसातल्या बेटातून काठ्या तोडायला घाबरू नये.

पागोळी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन शंका आहेत. खुराड्याची मागची बाजू आमच्या जुन्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लावून घेतली, तर एक भिंत वाचेल का? आणि मुंगूस खालून माती उकरून येतो, त्यासाठी कोबा पुरेसा आहे की कोंबड्यांच्या दिवसाच्या मोकळ्या आवारालाही काही करावे लागेल?

भातखाचर

गडग्याला लावून मुळीच बांधू नये. बिनचुन्याच्या गडग्यात साप, मुंगूस आणि घुशी यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या असते. तिथे खुराडे नेऊन टेकवणे म्हणजे त्यांना घरपोच डबा सुरू करणे आहे. गडग्यापासून दहा-बारा फूट तरी अंतर ठेवावे आणि मधली जागा झाडलेली, गवत नसलेली असावी. उघड्यावरून चालत यायला मुंगूस कचरतो.

आवाराच्या बाबतीत लोक जाळी फूट-दीड फूट खोल पुरतात. त्यात श्रम फार आणि जांभ्याच्या कातळावर ते शक्यही नसते. त्याऐवजी दीड फूट रुंदीची जाळी आवाराच्या बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरावी, ती उभ्या जाळीला तारेने शिवावी आणि तिच्यावर माती किंवा चिऱ्याचे तुकडे टाकावेत. उकरणारा प्राणी नेहमी कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरायला लागतो, तिथे त्याला जाळी लागते, आणि मागे दीड फूट सरकून भुयार काढावे एवढा विचार तो करत नाही. दिवसाच्या आवाराला एक इंचाची स्वस्त जाळी चालेल, कारण दिवसा घरात माणसे वावरत असतात. शिक्रा आणि घार यांच्यासाठी वरून जुने मासेमारीचे जाळे ताणावे. हर्णै बंदर तुमच्या जवळच आहे; तिथे फाटलेली जाळी नाममात्र किमतीत मिळायला हरकत नसावी.

जाळी खांबाला नुसत्या वाकवलेल्या खिळ्यांनी लावू नये. खिळ्याखाली पत्र्याची चकती किंवा बांबूची चीप घालावी आणि जाळी बाहेरच्या बाजूने लावावी. आतून लावलेली जाळी बाहेरून ढकलली की खिळ्यासकट निघते. बाहेरून लावलेली ढकलली की खांबावरच दाबली जाते. देखणेपणाचे म्हणाल, तर त्या बांबूच्या चिपा सरळ रेषेत ठोकल्या की जाळीला चौकट आल्यासारखी दिसते. तेवढे देखणेपण मला मान्य आहे.

निशिगंधा

नोंद घेतली आहे. भातखाचर यांनी देखणेपण मान्य केले.

गावचा_पशुवैद्य

मुद्दाम थोडे विस्ताराने लिहितो, कारण खुराड्यांच्या बांधकामातले दोष पुढे औषधांच्या खर्चात उतरतात आणि तो खर्च सुरुवातीच्या पाच हजारांत कोणीच धरत नाही.

सहा बाय चारची जागा दहा कोंबड्यांना रात्रीपुरती पुरते, कारण दिवसा बाहेर फिरणाऱ्या कोंबडीला आत सुमारे दोन चौरस फूट जागा लागते. बसायच्या दांडीवर मात्र प्रत्येकीला आठ-नऊ इंच मिळाले पाहिजेत. सहा फुटांच्या दोन दांड्या टाकल्यात तर हिशेब व्यवस्थित बसतो. दांडी साधारण दीड ते दोन इंच जाडीची घ्यावी आणि दोन्ही दांड्या एकाच उंचीवर असाव्यात. एक उंच आणि एक खाली असेल तर सगळ्या वरच्या दांडीसाठी भांडतात आणि खालचीच्या अंगावर वरचीची विष्ठा पडते. दांड्या अंडी घालायच्या पेट्यांपेक्षा उंच असाव्यात. कोंबडी मिळेल त्या सर्वांत उंच जागी झोपते, आणि पेटी उंच असेल तर ती पेटीत झोपते, पेटी घाण करते आणि मग अंडी घाण होतात.

वासाचे म्हणाल, तर वास येणे म्हणजे हवा न खेळणे. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि तो कोंबडीच्या डोळ्यांना व श्वासनलिकेला इजा करतो. तुम्ही खुराड्यात ओणवे होऊन नाक दांडीच्या उंचीवर नेल्यावर डोळे चुरचुरले, तर कोंबड्या रात्रभर तेच सहन करत आहेत, असे समजावे. उपाय सोपा आहे. दांडीच्या वर, वळचणीच्या लगेच खाली, चारही बाजूंना सहा-आठ इंचांची पट्टी जाळी लावून उघडी ठेवावी. गरम, ओली हवा वरून निघून जाते आणि कोंबड्यांच्या अंगावर थेट झोत येत नाही. कौलांचे छप्पर इथेही उत्तम, कारण सांध्यांतून थोडी हवा खेळतेच. जमिनीवर भाताचे तूस तीन इंच पसरावे, दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करावे, आणि पावसाळ्यात ते गोळे धरू लागले की थोडा विरलेला चुना मिसळावा किंवा तेवढा भाग काढून टाकावा. काढलेले तूस थेट झाडांच्या बुंध्याशी घालू नये. ते जहाल असते, आधी कुजवावे.

बाजारातून नवी कोंबडी आणली की तिला दोन-तीन आठवडे डालग्याखाली वेगळी ठेवावी. तुमची जुनी डालगी फेकू नयेत, ती याच कामाची आहेत. राणीखेत रोगाची लस पिल्लांना पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा आठ आठवड्यांच्या सुमारास द्यावी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा मोठ्या शेडबरोबर आसपासच्या घरगुती कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. त्यामुळे दाण्याची आणि पाण्याची भांडी रानपक्ष्यांना सहज मिळतील अशी उघड्यावर ठेवू नयेत.

टवाळतात्या

डॉक्टरसाहेबांच्या सूचनेनुसार ओणवे होऊन नाक दांडीच्या उंचीवर नेताना कोंबड्या आत असाव्यात की बाहेर, हे स्पष्ट केलेले नाही.

गावचा_पशुवैद्य

बाहेर. कोंबडा असेल तर फारच बाहेर.

जुन्नरचा_ऊसवाला

आमच्याकडे मुंगसाची चर्चा ऐकून हसू येते, कारण आमचा पाहुणा उसातून येतो आणि तो बिबट्या असतो. त्याच्यापुढे बांबू, वेल्डमेश, बाहेरून जाळी, आतून जाळी सगळे सारखेच. आम्ही रात्रीची खोली घराच्या भिंतीला लागून, तिन्ही बाजूंनी विटांची आणि वरून स्लॅबची करतो. दार लोखंडी आणि हवेसाठी जाड गजांची छोटी खिडकी. देखणेपणाची हौस दिवसाच्या आवारावर भागवतो. दापोलीच्या बाजूलाही बिबट्या आहेच, तेव्हा खुराडे घरापासून फार दूर नेऊ नये आणि अंगणातला दिवा रात्री चालू ठेवावा, एवढेच सुचवतो.

वरोऱ्याची_बाई

मी चंद्रपूर जिल्ह्यातली आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे कोकणातल्या मंडळींनी सांगितलेले सगळेच आमच्या उपयोगाचे नाही. आम्ही भिंती बांधतच नाही. जोते कंबरेइतके, वर सगळी जाळी आणि जाळीला बाहेरून बुरडाकडचे बांबूचे तट्टे बांधतो. दुपारी ते खाली सोडून पाण्याने भिजवायचे आणि रात्री गुंडाळून वर घ्यायचे. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की लांब बाजूंवर सकाळ-संध्याकाळचे ऊन येत नाही. छपराला पत्रा कधीही घालू नये, आणि घातलाच तर त्यावर तणसाचा जाड थर टाकावा व चुना मारावा. कवेलू असतील तर प्रश्नच नाही. बुरडाच्या हातचे तट्टे इतके सुबक विणलेले असतात की वेगळ्या सजावटीची गरज राहत नाही, आणि ते आपल्याच गावातल्या माणसाला काम देतात.

पुण्याची_गच्ची

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर असेच एखादे छोटे खुराडे करता येईल का? चार कोंबड्या आणि एक कोंबडा ठेवायचा विचार आहे.

टवाळतात्या

अवश्य करावे. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, आणि उजाडले की सोसायटीची तातडीची सभा भरायचीही राहत नाही.

गावचा_पशुवैद्य

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, तो फक्त पिल्लांसाठी लागतो. पण गच्चीसाठी सोसायटी आणि महानगरपालिका या दोघांचेही नियम आधी पाहावेत. वेगळा धागा काढल्यास तिथे लिहीन.

फोंड्याचे_कुळागर

गोव्याहून नमस्कार. आंब्याच्या पेट्यांचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले. अंडी घालण्यासाठी फूटभर लांब, फूटभर रुंद आणि तेवढीच उंच जागा कोंबडीला पुरते आणि चार-पाच कोंबड्यांत एक पेटी चालते, म्हणजे तुम्हाला दोन, फार तर तीन पेट्या लागतील. आंब्याची लाकडी पेटी आडवी ठेवली, तोंडाशी चार इंचांची पट्टी ठोकली आणि आत भाताचा पेंढा घातला की काम झाले. पेटी खुराड्याच्या भिंतीतून बाहेर काढून तिला बिजागरीचे झाकण लावलेत, तर आत न शिरता अंडी काढता येतात आणि बाहेरून ती घराच्या सज्जासारखी सुरेख दिसते. झाकणावर मात्र उतार हवा आणि सांध्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी हवी, नाहीतर पाणी नेमके पेटीतच जाईल. एखादी कोंबडी खुडूक झाली, तर तिला वेगळ्या पेटीत रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवावे. खुडूक कोंबडी नेहमीची पेटी अडवून बसली की बाकीच्या तिच्याच अंगावर चढून अंडी घालतात आणि अंडी फुटतात.

रिपांसाठी लाकूड विकत घेऊ नये. पडलेली जुनी पोफळ उभी फाडून तिचा बाहेरचा टणक भाग घ्यावा. कौलांखाली आमच्याकडे त्याच रिपा असतात.

लेस्टरचा_विदर्भकर

इंग्लंडात आमच्या परसात चार कोंबड्या आहेत. इथे १ ऑक्टोबर २०२४ पासून एक पक्षी पाळला तरी सरकारकडे नोंद करावी लागते, आणि बर्ड फ्लूच्या काळात कोंबड्या छपराखालीच ठेवण्याचा आदेश निघतो, त्यामुळे आवारालाही छप्पर असावेच लागते. इथला मुख्य शत्रू कोल्हा आहे. साधी फिरकी किंवा सैल कडी तो पंजाने आणि नाकाने हलवून उघडतो. म्हणून कडीला आकडा अडकवावा, जो उचलून मग सरकवावा लागेल. दोन हालचाली एकापाठोपाठ करणे माणसाशिवाय कोणाला सहसा जमत नाही. लाल पिसवांचा (रेड माइट या किडीचा) त्रास लाकडाच्या फटींत फार होतो. त्या दिवसा फटींत लपतात आणि रात्री कोंबडीचे रक्त पितात, म्हणून फळ्यांचे सांधे शक्य तितके कमी ठेवावेत.

जव्हारचा_वारा

देखणेपणाचे कोणीच नीट लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. खुराड्याच्या बंद भिंतीसाठी कारवीच्या काठ्यांचा कूड करावा, त्यावर माती-शेणाचे लिंपण आणि वर गेरू. खर्च जवळजवळ शून्य येतो. आमच्याकडे त्यावर तांदळाच्या पिठाने वारली चित्रे काढतात. ज्या कलेसाठी जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तीच ही. खुराड्याच्या भिंतीवर तारपा नाच आणि त्याच्या कडेने कोंबडी-पिल्ले काढली, तर येणारा-जाणारा थांबून पाहील.

भातखाचर

तांदळाच्या पिठाने काढलेले चित्र कोंबड्यांच्या खुराड्यावर! दुसऱ्या दिवशी तारपावाला गायब, तिसऱ्या दिवशी नाचणारे गायब.

जव्हारचा_वारा

चेष्टेतला मुद्दा बरोबर आहे. दोन फुटांच्या वर काढावे, किंवा पिठाऐवजी डिंक मिसळलेला चुना वापरावा. शेणाच्या लिंपणातले किडे शोधत कोंबड्या खालचा भागही टोचतात, म्हणून खालचे दोन फूट चिऱ्याचे आणि कूड त्याच्या वर, अशी वाटणी करावी.

गवंडीकाका

जव्हारकरांची वाटणी योग्य आहे. दापोलीत पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका येतो, तेव्हा पश्चिमेची आखूड भिंत वळचणीखालची हवेची पट्टी सोडून पूर्ण बंद असावी, दक्षिणेची लांब बाजू अर्धी बंद असावी, आणि जाळी व दार उत्तर-पूर्वेला घ्यावे. कूड फक्त वळचणीच्या आत, जिथे झड लागत नाही तिथेच करावा. पश्चिमेला चिराच ठेवावा आणि त्याला गिलावा करू नये. जांभ्याचा नैसर्गिक लाल रंग आणि सांध्यांतून ओढलेली चुन्याची पांढरी रेघ यांहून शोभिवंत काही तुम्हाला विकत मिळणार नाही. आतून मात्र सगळीकडे चुन्याची सफेदी द्यावी. चुना फटींत शिरून पिसवांना आळा घालतो आणि आत उजेडही वाढतो. ओला चुना कातडीला आणि डोळ्यांना जाळतो, त्यामुळे तो पूर्ण वाळल्याशिवाय कोंबड्या आत सोडू नयेत.

आणखी एक. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या भागात किती छपरे उडाली, ते सर्वांनी पाहिले आहे. वळचणीकडची पहिली ओळ आणि आढ्यावरची कौले तांब्याच्या किंवा जस्त चढवलेल्या तारेने रिपांना बांधावीत. मधली नुसती ठेवली तरी चालतात.

खटपट्या

एक स्वस्त पर्याय राहिला. औद्योगिक वसाहतींत मालाची लाकडी पॅलेट्स भंगारात मिळतात आणि त्यांच्या फळ्यांचे दार फार छान होते. फळीवरचा शिक्का पाहावा. ‘एचटी’ असेल तर लाकडाला उष्णतेची प्रक्रिया केलेली असते. ‘एमबी’ असेल तर विषारी वायूची, ते घेऊ नये. रसायनांच्या कारखान्यातून आलेले, डाग पडलेले लाकूड तर कोणताही शिक्का असला तरी नको. जुने सिमेंटचे पत्रेही फुकट मिळतात म्हणून आणून कापत बसू नये, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

पागोळी

सर्व प्रतिसाद वहीत उतरवून घेतले आणि घरी वाचून दाखवले. ठरले ते असे: गडग्यापासून दूर, घराच्या ओटीवरून दिसेल अशा जागी चिऱ्याचे जोते, माणग्याचे खांब, पोफळीच्या रिपा, दुपाखी कौलारू छप्पर, पश्चिमेला चिऱ्याची भिंत आणि दक्षिणेला वरच्या भागात कूड. विकत घ्यायच्या वस्तू म्हणजे अर्ध्या इंचाची जाळी, सिमेंट, वाळू, बिजागऱ्या, कडी, तार आणि चुना. दुकानात चौकशी केली, तर निम्मे पैसे एकट्या जाळीलाच जात आहेत, म्हणजे भातखाचर यांचा हिशेब बरोबर निघाला. चुन्याच्या रेघांचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले असून भिंतीवर वारली चित्राऐवजी रांगोळीतले ज्ञानकमळ काढायचे, असा त्यांचा निर्णय झाला आहे. माणगा यंदाच्या थंडीत तोडू. तोपर्यंत जोते आणि कोबा उरकून घेऊ. दाराविषयी एकच प्रश्न उरला आहे: दार आत उघडणारे करावे की बाहेर? आत उघडले तर कोंबड्या अंगावरून पळणार नाहीत, असे यजमानांचे म्हणणे आहे.

टवाळतात्या

यजमान प्रथमच काही म्हणाले, त्यांचे स्वागत.

गवंडीकाका

बाहेरच उघडणारे करावे. आत तीन इंच तूस असणार. दार आत उघडायला गेलात तर ते तूस ढकलत नेऊन कोपऱ्यात अडकेल, आणि सहा बाय चारच्या खोलीत दार फिरायला लागणारी जागा एका दांडीएवढी असते. कोंबड्या पळू नयेत म्हणून उंबरठ्याला फूटभर उंचीची काढती फळी बसवावी. ती तूसही आत धरून ठेवते, आणि झाडताना ओढून बाजूला काढता येते. फळीसाठी खाच खांबाला आधीच पाडून घ्यावी, खांब उभा केल्यावर ते काम अवघड जाते.